नानांना झूम पाहिजे

"मागच्या वेळेला तुम्ही झूमच केला नव्हता," नाना म्हणाले. "या वेळेला झूम पाहिजे. पैशाचं बघू."

गंगापूर रोडने सोमेश्वरच्या दिशेने गेलं की चुलीवरच्या मिसळीच्या बागा लागतात, त्यातली एक नानांची. त्यांना दीड मिनिटाची जाहिरात हवी होती. आणि 'पैशाचं बघू' हे शब्द ऐकून माझ्या मनात पंधरा वर्षं दबा धरून बसलेला सिनेमा झूम, म्हणजे सिनेमाच्या शूटिंगची झूम लेन्स, एकदम उठून उभा राहिला. खरं सांगायचं तर मिसळीला त्याची काही गरज नव्हती. गरज मला होती.

आम्हा नाशिककर कॅमेरावाल्यांना एक खोड आहे. दादासाहेब फाळके १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मले, हे आम्ही बारशाच्या शूटिंगचं कोटेशन देतानाही सांगतो. त्यांचा १९१३ चा मूकपट हाताने हँडल फिरवून काढला, त्या कॅमेऱ्याला झूम वगैरे काही नव्हता, हे मात्र सांगत नाही. गिऱ्हाईक हुशार असतं.

लेन्स मुंबईहून आली. कसारा घाट चढून, स्वतंत्र गाडीने, सोबत अटेंडंट. २४ ते २९० मिलिमीटर, म्हणजे बारापट झूम, आणि वजन अकरा किलो. सिलिंडर उतरवतात तशी पेटी दोघांनी उतरवली. आमचा कॅमेरा त्या लेन्सच्या मागे लावला तेव्हा घोड्याच्या शेपटीला नवरदेव बांधल्यासारखा दिसायला लागला. माझा नेहमीचा ट्रायपॉड तर ओझं बघूनच मान टाकून मोकळा झाला. मग मोठा ट्रायपॉड, खाली रॉड, रॉडवर लेन्सला टेकू, वर लेन्सवर येणारी तिरीप अडवायला मॅट बॉक्स. मी कौतुकाने जरा हात लावायला गेलो, तर अटेंडंट म्हणाला, "सर, हाथ मत लगाओ." भाडं मी भरलेलं होतं.

लेन्स किती उजेड घेते ते सांगणारा २.८ आकडा तिच्यावर होता, पण त्याच्या आधी एफ नाही, टी. फोकस ओढणाऱ्या पोराने विचारलं, फरक काय? पोरगा लासलगावचा, त्यामुळे सोपं गेलं. कांद्याचा जो भाव पुकारतात तो एफ. हमाली-तोलाई कापून हातात पडतो तो टी. लेन्समध्ये काचांमागे काचा असतात, प्रत्येक काच आपली हमाली घेते. टी म्हणजे शेवटी कॅमेऱ्यापर्यंत खरोखर पोहोचलेला उजेड. पोराला जन्मात पहिल्यांदा ऑप्टिक्स कळलं आणि वाईटही वाटलं.

शॉट असा होता: ताटातल्या मिसळीच्या तर्रीवरून सुरुवात, ट्रॉली हळूहळू मागे, तिच्याबरोबर झूमही उघडत जाणार, मग चूल, आंब्याचं झाड, भरलेली बाग आणि शेवटी हात जोडून नाना. सिनेमा झूमची खरी करामत इथेच असते. आत जाऊन एकदा फोकस लावला की बाहेर येईपर्यंत तो हलत नाही. आपल्या फोटोच्या झूमला हे बहुतेक जमत नाही. तो बाहेर येता येता सासरी आलेल्या पोरीसारखा बावरतो. सिनेमा लेन्सची फोकसची रिंगही जवळजवळ पूर्ण वेढा फिरते, म्हणून पोराने फोकस फिरवायच्या चकतीवर पेन्सिलीने छान खुणा केल्या होत्या.

पहिला टेक. तर्रीवरचा एकेक तवंग झळाळत होता. बाहेर आलो, आणि नाना धूसर. दुसरा टेक, नाना पुन्हा धूसर. "मी हललो का?" नानांनी विचारलं. दोन्ही वेळेला ते पुतळ्यासारखे उभे होते.

दोष लेन्सचा नव्हता. लेन्स आमच्या कॅमेऱ्याला जोडायला जो अ‍ॅडॉप्टर मी स्वस्तात बघून घेतला होता, त्याची जाडी केसभर चुकत होती. तेवढ्यानेही झूम पूर्ण उघडला की फोकस बिघडतो. अटेंडंटने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुलीकडे वळवली. मग त्याने कमरेच्या पाकिटातून काजूकतलीच्या वर्खासारख्या पातळ चकत्या काढल्या. शिम. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात त्या. लेन्स काढ, चकती घाल, लेन्स लाव, बघ, पुन्हा काढ. फोकसचा चार्ट मी घरी विसरलो होतो. त्यामुळे नानांच्या 'जादा पावाचे पैसे वेगळे पडतील' या पाटीवर नेम धरून दीड तास काम चाललं. ती पाटी मी आता झोपेतही वाचू शकतो.

तोवर ऊन वर आलं आणि मिसळीने संप केला. फरसाण दोन मिनिटांत मऊ पडतं, तर्रीवर साय धरते, कोथिंबीर मान टाकते. म्हणजे दर टेकला नवी प्लेट. आणि जुनी टाकायची कशी? अन्न आहे. चौदाव्या टेकपर्यंत ट्रॉली ढकलणारे दोघे ढेकर देत ट्रॉली ढकलत होते आणि फ्रेम त्या तालावर हलत होती. अटेंडंट तेवढा सुरुवातीला "तीखा कम है" म्हणाला होता. दुपारी तो मठ्ठ्याचा तांब्या घेऊन आंब्याखाली आडवा पडला, एक हात लेन्सच्या पेटीवर.

नानांचं वेगळंच. "आणखी जवळ न्या ना. वास आला पाहिजे!" ही लेन्स चार फुटांच्या आतलं बघत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. एवढी महाग आणि जवळचं दिसत नाही? "मग चष्मा लावा तिला," नाना म्हणाले. चार फुटांवरून २९० ला मटकीचा एक मोड फणसाएवढा दिसत होता, पण फोकसमध्ये तेवढाच. मागची शेव गायब. ताटातलं आणखी दिसायला हवं तर लेन्सचं छिद्र बारीक करायचं, म्हणजे झाडाखाली उजेड कमी पडणार, म्हणजे लाइट आणा, म्हणजे जनरेटर आणा. मी मोडावरच समाधान मानलं.

सतराव्या टेकला शॉट लागला. ट्रॉली सुरू झाली त्याच क्षणी झूम उघडायला लागला, थांबली तेव्हा मिटला. कुठे सुरू झाला, कुठे संपला, मला स्वतःला शोधावं लागत होतं. झूम करावा तो असा. मी इतका खूश होतो की अटेंडंटला चिवड्याचा पुडा बांधून दिला.

आठवड्याने नाना एडिट बघायला आले. एकदा बघितलं. दोनदा. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

"झकास झालंय. पण झूम कुठाय?"

"हा काय, आत्ता झाला."

"कुठे? ही तर गाडी मागे आली."

माझी छाती फुगली. कॅमेरावाल्याला याहून मोठी शाबासकी नाही. नानांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि बिलातल्या 'लेन्स भाडे' या ओळीखाली रेघ मारली. "जे दिसलं नाही त्याचे पैसे कसे द्यायचे, सांगा बरं?"

शेवटी निम्म्यावर मिटलं. परवा मिसळ खायला गेलो, तर बागेतल्या टीव्हीवर जाहिरात चालू होती. शेवटी हात जोडलेल्या नानांच्या चेहऱ्यावर धाडकन झूम, पुन्हा धाडकन, पुन्हा धाडकन, प्रत्येक वेळी ढोलाचा आवाज. भाच्याने मोबाईलवर पाच मिनिटांत करून दिलं म्हणे. तिसऱ्या झूमला नानांच्या मिशीतला पांढरा केस न् केस मोजता येत होता. लेन्स चांगलीच होती.