एकत्रीकरणात मुख्याध्यापक कुठे गेले?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावरचा लेख आवडला, पण १९५४ च्या ब्राउन निकालावर (सरकारी शाळांमधली वंशावरची विभागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली तो निकाल) तो थांबायला नको होता. निकालानंतर दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा एकत्र झाल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांचीच शाळा बंद झाली, नाहीतर तिचा दर्जा उतरवला गेला. तिथल्या मुख्याध्यापकांना कामावरून काढलं किंवा दुय्यम पदावर बसवलं. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

या संदर्भात शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासक व्हेनेसा सिडल वॉकर यांचं काम जरूर वाचावं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅस्वेल काउंटीतली कृष्णवर्णीयांची जी शाळा त्यांनी अभ्यासली, तिथे निकोलस डिलर्ड १९३३ ते १९६९ मुख्याध्यापक होते. सरकारी पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे जायचा, म्हणून इथे पालक वर्गणी काढून सामान आणायचे. शिक्षक मुलांच्या घरी जायचे, चर्चमध्ये पालकांना भेटायचे. पोरगं कुठल्या घरातून येतं हे मुख्याध्यापकांना ठाऊक असायचं. गरिबी होती, विषमता तर होतीच, वॉकर तीही लपवत नाहीत.

म्हणूनच ‘कृष्णवर्णीय शिक्षक मिळत नाहीत’ हे लेखातलं वाक्य मला खटकलं. ते होते हो! त्यांना घालवलं गेलं. समतेची प्रशिक्षणं घेणाऱ्या तिथल्या शिक्षण मंडळांनी आधी आपल्याच दप्तरातल्या बडतर्फीच्या नोंदी उघडाव्यात. लेखकाने पुढच्या भागात यावर जरूर लिहावं.