अस्सल कारखानी हलगर्जीपणा

माझ्याकडे १९५७ सालची शेवरोले बेल एअर आहे. लांबी वीस सेंटीमीटर. १:२५ प्रमाणातली, प्लास्टिकची, जोडायला सोपी. रंगवायला किती वेळ लागला ते मात्र विचारू नका. घरात तो विषय निघाला की मी दुसऱ्या खोलीत निघून जातो.

नुसता रंग मारायचा असता तर काहीच प्रश्न नव्हता. पण आम्हाला हवा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग! त्या वर्षीच्या शेवरोलेच्या रंगांची नावंच बघा: लार्कस्पर ब्लू, सर्फ ग्रीन, मॅटाडोर रेड, कॅन्यन कोरल, डस्क पर्ल. त्यातून मी निवडलं ट्रॉपिकल टर्क्वाइज, आणि टपाला इंडिया आयव्हरी. फोर्डची मॉडेल टी करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. १९१४ ते १९२५ ती गाडी फक्त काळी यायची. डबी उघडा, काळी करा, झोपा. घोळ घातला तो १९२३ साली आलेल्या ड्यूको लॅकर नावाच्या झटपट वाळणाऱ्या रंगाने. वाळायला आठवडे घेणारा रंग तासांत वाळू लागला, १९२४च्या ओकलंड कंपनीच्या गाड्या झोकात निळ्या होऊन बाहेर पडल्या, आणि पुढच्या पिढ्यांतल्या माझ्यासारख्यांच्या मागे साडेसाती लागली.

कारण अस्सल छटा कुठून आणायची? जुने फोटो विटलेले. जुन्या गाड्या दोन-तीनदा रंगवलेल्या. माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली हिरवट दिसणारा टर्क्वाइज खिडकीत नेला की निळा होतो, आणि कारखान्याने तो कुठल्या उजेडात बघावा हे काही लिहून ठेवलेलं नाही. त्यातून जाणकार सांगतात की छोट्या वस्तूवर मूळ रंग गडद वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. थोडा म्हणजे किती, यावर दोन जाणकारांचं आजवर जमलेलं नाही. थोडक्यात, अस्सल रंग अस्सल दिसावा म्हणून त्यात भेसळ करायची!

मग येतो गणिताचा पेपर. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर पंचवीस पटीने तो अडीच मिलिमीटर. खऱ्या गाडीच्या दाराची पाच मिलिमीटरची फट मॉडेलवर ०.२ मिलिमीटर उरते. दोन्ही काठांवर तो थर बसला की फट बुजली, दार कायमचं बंद. म्हणून एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या पेनाने, पातळ पातळ हात मारायचे. फार जवळून मारला तर ओघळ येतो. फार लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि बॉनेटवर संत्र्याची साल उमटते. हवा दमट असेल तर लॅकर वाळता वाळता दुधाळ होतं. इनॅमल म्हणजे सावकाश वाळणारा तैलरंग. त्यावर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. लॅकरवर इनॅमल मारलं तर चालतं. हा भेदभाव का, ते थिनरला विचारा.

आणि धूळ. एअरब्रश चालू केल्यावर घरातला यच्चयावत केस आपली कामं टाकून इकडे येतो. बॉनेटवरचा ओला रंग आरशासारखा पसरत असतो, मी श्वास रोखलेला असतो, आणि एक केस डुलत डुलत खाली येतो, क्षणभर टपावर घुटमळतो आणि बरोब्बर मधोमध आडवा पडतो. पाच सेंटीमीटरचा केस म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा मीटर लांब, पावणेदोन मिलिमीटर जाड तार. चिमट्याने काढायला जावं तर केसाबरोबर रंगाची एक कडही वर येते. मग सगळा रंग उतरवायला गाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या डब्यात.

"बाबा, गाडी परत आंघोळीला बसली?" मुलगी विचारते. तिच्या आवाजात सहानुभूती नसते, फक्त नोंद असते.

एकदाचा रंग बसला की पॉलिश. ३२०० नंबरच्या पॉलिशच्या कापडापासून त्याहून तलम अशा १२००० पर्यंत चढत जायचं, पाणी लावत, हलक्या हाताने. सपाट भागावर मजा येते. पण बेल एअरला मागे ते दोन उंच पंख आहेत, आणि रंग नेहमी कडेवरच सर्वांत पातळ असतो. चार घासे जास्त झाले की खालचा प्रायमर, म्हणजे रंगाचं अस्तर, हळूच डोकावून बघतो. सोनेरी जाळी, क्रोमच्या पट्ट्यांवरचं तलम फॉइल, हे सगळं मी सांगत नाही. तिथे निदान वाळायची वाट बघावी लागत नाही.

शेवटी गाडी झाली. आरशासारखी. मी ती एका ज्येष्ठ मॉडेलकाराला दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गाडी नाकाशी धरली आणि म्हणाले, "छान आहे. पण फारच गुळगुळीत केलीत हो. कारखान्यातून अशी निघत नसे."

माणूस खरं बोलत होता, हेच वाईट. कामगारांना शेकड्याने गाड्या काढायच्या होत्या. गाडीच्या पोटाखाली रंगाचा फवारा जाई तिथवर जाई. व्ही-आठ इंजिनाला नारिंगी रंग मारताना तो एक्झॉस्टच्या नळ्यांवरही उडे. इंजिन तापलं की जळून जाई, त्यामुळे कुणी पुसायच्या भानगडीत पडत नसे. म्हणजे नीटनेटकं काम करून मी गाडी खोटी केली होती!

आता निष्काळजीपणा काळजीपूर्वक करायचा. हे मला सगळ्यांत अवघड गेलं. कामगाराचा हात घाईत असतो, माझा हात विचारात असतो. मी उडवलेला प्रत्येक थेंब मुद्दाम उडवल्यासारखा दिसायचा. भिंग लावून, तीन केसांच्या ब्रशने, एक्झॉस्टच्या नळीवर शिंतोडे काढत बसलो. एक पुसला, जरा डावीकडे घेतला. कडेला विरळ केला. कधी नव्हे तो जमला. अगदी घाईत उडाल्यासारखा.

हात धुवून परत आलो तर बायको टेबलापाशी उभी. एका हातात गाडी, दुसऱ्या हातात थिनरचं फडकं.

"अरे, इंजिनाखाली रंग सांडला होता तुझा," ती म्हणाली, "पुसून टाकला. आता कशी स्वच्छ दिसतेय बघ!"