हनीमूनला मालदीव ठरवताय? आधी बेट बघा, खोली नंतर

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे विचारणा सुरू होते. चुलत-मावस भावंडं, मैत्रिणींची मुलं, ऑफिसातली नवी मंडळी. "ताई, मालदीवला जायचंय, यातलं कुठलं रिसॉर्ट घेऊ?" सोबत चार-पाच फोटो. प्रत्येक फोटोत निळ्या पाण्यावरची लाकडी व्हिला, स्विमिंग पूलमध्ये तरंगणारं नाश्त्याचं ताट, समुद्रावर बांधलेली जाळी आणि त्यावर पहुडलेली दोघं. नावं झाकली तर कुठला फोटो कुठल्या बेटावरचा हे कुणालाही ओळखता येणार नाही. आणि आयुष्यातली पहिली मोठी सहल, दोघांच्या साठवलेल्या पैशांची, या फोटोंवरून ठरते. मला हे मनापासून खटकतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: व्हिला दुय्यम आहे. आधी बेट निवडा, आणि बेटाच्या आधी त्याच्या भोवतीचं पाणी.

मालदीवमध्ये साधारण 1,200 बेटं आहेत, 26 प्रवाळवलयांमध्ये विखुरलेली. या वलयांना तिथे अॅटॉल म्हणतात. 1972 साली कुरुंबा नावाच्या बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि तेव्हापासून तिथे जी पद्धत रुळली ती म्हणजे एका बेटावर एकच रिसॉर्ट. गोव्यात हॉटेल आवडलं नाही तर आपण दिवसभर बाहेर भटकतो, जेवण आवडलं नाही तर शेजारच्या खानावळीत जातो. मालदीवच्या रिसॉर्टवर 'बाहेर' असं काही नसतंच. बहुतेक बेटं अशी की आरामात चालत निघालात तरी वीस मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण होते. जेवण तिथलंच, चालणं तिथलंच, समुद्र तिथलाच. त्यामुळे ते बेट कसं आहे यावर तुमचे सगळे दिवस ठरतात. खोली कितीही सुंदर असली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीच असते.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्याकडची किती तरी लग्नं अजूनही ठरवून होतात. साखरपुडा आणि लग्न यांत चार-सहा महिने गेले, फोनवर भरपूर बोलणं झालं, पण ही दोघं सलग पूर्ण दिवस एकमेकांसोबत कधी राहिलेलीच नसतात. त्यांना एकदम अशा जागी नेऊन ठेवायचं जिथे समोरासमोर बसण्याखेरीज काही करायचंच नाही, हे ऐकायला रोमँटिक वाटतं, पण प्रत्यक्षात अवघड जातं. दोघांपैकी एकजण हळूच फोन काढतो, दुसऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. माणसं जवळ येतात ती एकत्र काहीतरी केल्याने. एकत्र घाबरून, एकत्र शिकून, "ते बघ, ते बघ" म्हणत एकमेकांचा हात ओढून. मालदीवमध्ये हे सगळं पाण्याखाली आहे, आणि ते किनाऱ्यावरून पोहत जाता येईल इतकं जवळ आहे की नाही, हाच माझ्या दृष्टीने निवडीचा पहिला निकष.

याला तिथे हाउस रीफ म्हणतात. म्हणजे बेटाची स्वतःची प्रवाळभिंत. ती चांगली आहे का हे रिसॉर्टच्या वेबसाइटवर कळत नाही, कारण तिथे सगळ्यांचीच रीफ 'अप्रतिम' असते. त्यापेक्षा गूगल मॅप्स उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि बेटावर झूम करा. काठाला फिकट निळं पाणी दिसेल आणि मग एका रेषेनंतर एकदम गडद निळं. जिथे रंग बदलतो ती रीफची कड. ही कड किनाऱ्यापासून तीस-पन्नास मीटरवर असेल तर डोळे झाकून पुढचा विचार करा. चारशे-पाचशे मीटरवर असेल तर प्रत्येक वेळी बोट, प्रत्येक वेळी ठरलेली वेळ आणि बहुतेकदा वेगळे पैसे. फिकट निळ्या भागात तपकिरी ठिपके दिसले तर तिथे काहीतरी वाढतंय. नुसताच गुळगुळीत फिकट रंग असेल तर खाली वाळू आहे.

आणि इथेच मुख्य अडचण आहे. वॉटर व्हिला उभ्या करायला उथळ, वाळूचं, शांत पाणी सोयीचं असतं. फोटोतही तेच पाणी सगळ्यात सुंदर दिसतं. त्यामुळे जे बेट इन्स्टाग्रामवर सगळ्यात देखणं दिसतं, त्याच्या भोवती पोहताना बघण्यासारखं फारसं काही नसतं असं अनेकदा होतं. राजधानी मालेच्या आसपास काही ठिकाणी तर लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, भराव टाकून नवीन बेटं केलेली आहेत. राहायला उत्तम, पण किनाऱ्यावरून रीफची अपेक्षा तिथे ठेवू नका.

चांगल्या रीफवरची सकाळ कशी असते ते सांगते. कमरेएवढ्या पाण्यात उतरायच्या आधीच हातभर लांबीची शार्कची पिल्लं किनाऱ्यालगत फिरताना दिसतात, पंखांच्या टोकांना काळा ठिपका. ती आपल्यालाच घाबरून पळतात. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की पहिला जाणवतो तो आवाज, बारीक कटकट, कुरकुर. त्यातली कुरकुर पॅरटफिशची. हिरवट-निळ्या अंगाचा, चोचीसारख्या दातांचा मासा प्रवाळाचा खडक कुरतडत असतो. त्यावरचं शेवाळ खातो, खडकाचा चुरा पोटातून जातो आणि मागून पांढऱ्या धुरासारखी बारीक वाळू सोडतो. आपण डोळ्यांनी बघत असतो आणि वाळू तयार होत असते. मालदीवच्या त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांचा मोठा भाग या माशांनी पिढ्यान्‌पिढ्या असाच घडवलेला आहे. पुढे कड येते. पायाखालचं तीन-चार मीटरचं पाणी अचानक संपतं आणि खाली निळी खोली उघडते. त्या क्षणी शेजारच्याचा हात आपोआप धरला जातो. कुठल्याही कँडललाइट डिनरपेक्षा मला ही गोष्ट हनीमूनसाठी मोलाची वाटते, आणि मी हे पूर्ण विचार करून लिहिते आहे.

"पण आम्हाला पोहता येत नाही." बहुतेकांचं हेच असतं. लाइफ जॅकेट घालून, रिसॉर्टच्या माणसाबरोबर, भरती-ओहोटीची वेळ आणि प्रवाह विचारून उतरता येतं. पण लग्नाच्या आधी महिनाभर जवळच्या तरणतलावावर जाऊन नुसतं तरंगायला आणि तोंडाने श्वास घ्यायला शिकून घ्या. दोघांनी मिळून गेलात तर फारच छान. आणि मुलींनो, कपड्यांचा संकोच असेल तर पूर्ण हाता-पायांचा स्विमसूट घ्या. तिथे निम्मे लोक तेच घालतात, ऊन इतकं कडक असतं की पाठ भाजून निघते.

नावं विचाराल, तर हाउस रीफसाठी जुन्या-जाणत्या लोकांच्या तोंडी असलेली बेटं म्हणजे बारोस, विलामेंधू, एलाइधू, बियाधू. यातलं बारोस महागातलं आणि बियाधू साधं. बियाधूच्या खोल्या बघून तुमची निराशा होईल, पाणी बघून होणार नाही.

वॉटर व्हिला घेऊच नका असं मी म्हणत नाही. हौस असतेच, आणि हनीमूनला हौस करायची नाही तर कधी करायची? पण सगळे दिवस तिथे घालवायची गरज नाही. बऱ्याच रिसॉर्टवर आधी बीच व्हिला आणि शेवटच्या एक-दोन रात्री वॉटर व्हिला अशी विभागणी करून देतात. पैसे वाचतात, दोन्ही अनुभव मिळतात. बीच व्हिलात झाडांची सावली असते, पायाखाली वाळू असते, संध्याकाळी दारात बसून गप्पा मारता येतात.

आता पोहोचायचं कसं. मुंबईहून मालेला थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता. पण खरा प्रश्न माले विमानतळावर सुरू होतो. जवळची बेटं स्पीडबोटीने वीस-पंचेचाळीस मिनिटांवर, लांबची सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर ती रात्र माले किंवा हुलहुमालेत काढावी लागते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. सामानाची मर्यादाही बेताची असते, साधारण 20 किलो आणि हातातलं वेगळं. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी 400-500 डॉलर सहज होतं. चार रात्रींच्या सहलीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. अर्थात वरून दिसणारी ती वलयं विसरता येत नाहीत हेही खरं. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं.

पैशांचं अजून थोडं. दरापुढे 'प्लस प्लस' लिहिलेलं असेल तर थांबा. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर जुलै 2025 पासून 17 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 100 डॉलरचं जेवण बिलात जवळपास 129 डॉलरचं होतं. शिवाय रिसॉर्टवर ग्रीन टॅक्स, माणशी एका रात्रीला 12 डॉलर. एजंटला स्पष्ट विचारा: यात सगळे कर धरलेत का, ट्रान्सफर (विमानतळ ते बेट जाणं-येणं) धरलंय का, दुपारचं जेवण धरलंय का. हाफ बोर्डमध्ये दुपारचं जेवण नसतं, आणि बेटावर दुसरीकडे खायची सोय नसते हे वर सांगितलंच आहे. शाकाहारी असाल तर आधीच कळवून ठेवा. भारतीय पाहुणे भरपूर असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी चांगली व्यवस्था होते, पण छोट्या बेटावर ऐन वेळी होत नाही.

मुहूर्ताचं काय? डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा हंगाम. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या आणि माघ-फाल्गुनातल्या लग्नांना तो अगदी जुळतो, फक्त नाताळ आणि नववर्षाचे दिवस टाळा, दर प्रचंड चढतात. घोळ होतो तो मे महिन्यातल्या लग्नांचा. आपल्याकडे मे म्हणजे रखरखीत ऊन, तिथे मात्र नैऋत्य मोसमी वारे सुरू झालेले असतात. पाऊस, वारा, खवळलेला समुद्र, गढूळ पाणी. पण तेव्हा दर उतरलेले असतात आणि एक मोठी जमेची बाजू आहे. बा अॅटॉलमध्ये हनिफारू नावाची लहानशी खाडी आहे. साधारण जून ते नोव्हेंबर या काळात तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा होतं आणि ते खायला मांटा रे नावाचे पंखांसारखे पसरट, मोठे मासे येतात, कधी कधी डझनांनी. तिथे स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल उतरणं) करायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरवर पोहणं. तेव्हा मेमध्ये लग्न असेल तर घाईने निघू नका. सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरला टाका.

तसंही लग्नानंतर लगेच विमानात बसायचा हट्ट मला कळत नाही. हळद, लग्न, सत्यनारायण, गोंधळ, कुलदैवताचं दर्शन, रिसेप्शन. नवरा-नवरी दोघांचीही झोप कित्येक दिवसांची राहिलेली असते. जेजुरीहून उतरायचं आणि रात्री विमानतळ गाठायचा, मग पहिले दोन दिवस झोपण्यात जातात, तेही एवढे पैसे मोजून. आठवडाभर घरी राहा. अजून एक, नाजूक पण महत्त्वाचं. तारखा ठरवताना नवऱ्या मुलीची पाळी कधी येते हे दोघांनी मोकळेपणाने बोलून घ्या. लग्नासाठी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकललेली असते आणि मग ती नेमकी सहलीत येते. हे बोलणं जमलं तर पुढचं बरंच काही जमतं.

बजेट कमी असेल तर रिसॉर्टच्या बाहेरचं मालदीव आहे. माफुशी, धिगुरा, थुलुसधू ही वस्ती असलेली बेटं. तिथे गेस्टहाउसं आहेत, ग्रीन टॅक्सही लहान गेस्टहाउसला निम्मा. दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा ठरवलेला असतो, आणि गावातून फिरताना अंगभर कपडे घालायचे. धिगुराहून दक्षिण अरी अॅटॉलमध्ये व्हेल शार्क बघायला जाता येतं, तो तिथे वर्षभर दिसतो. सकाळी नारळ, टूना, कांदा-मिरचीचं मासहुनी आणि रोशी, म्हणजे तिथली चपाती, खायची. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला तर घरी आल्यासारखं वाटेल. एकांत हवा असलेल्या जोडप्याला गावात थोडं अवघडल्यासारखं होईल, हे मात्र धरून चाला.

अंदमानबद्दल दरवेळी कुणीतरी विचारतं. हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचा राधानगर किनारा मालदीवच्या कुठल्याही किनाऱ्यापेक्षा भव्य आहे, मागे उंच जंगल आहे, आणि पासपोर्टची कटकट नाही. सेल्युलर जेल बघून मन जड होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण ती फिरण्याची सहल आहे, फेरीबोटीच्या वेळा सांभाळत करायची. नुसतं एका जागी राहायचं असेल तर मालदीव.

दोन कागदी गोष्टी. तिकीट पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा, लग्नानंतर नाव बदलणार असाल तरीही. आणि विवाह नोंदणी लवकर करून घ्या. केक, खोलीची सजावट, एखादं जेवण अशा हनीमूनच्या सवलतींसाठी बरीच रिसॉर्ट्स लग्नाचा दाखला मागतात, तोही लग्न होऊन ठरावीक महिन्यांच्या आतला.

शेवटी एक विनंती, हे वाचणाऱ्या आणि नुकतंच जाऊन आलेल्या सगळ्यांना. 1998 आणि 2016 मध्ये समुद्र तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, 2024 मध्ये पुन्हा तेच झालं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी कुणी वाखाणलेली रीफ आज तशी असेलच असं नाही. तुम्ही जिथे राहिलात त्या बेटाचं नाव, महिना, आणि किनाऱ्यावरून पोहत गेल्यावर प्रवाळ रंगीत दिसलं की पांढरं-करडं, एवढं खाली लिहा. पाण्याखालचा फोटो असेल तर टाका, अंधूक असला तरी चालेल. व्हिलाचे फोटो वेबसाइटवर आहेतच.