'एका सुईत व्यसन खलास' म्हणे!

"अमेरिकेत आता महिन्याला एकच सुई टोचतात. दारू असो की गर्द, व्यसन मुळापासून जातं. बाकीची औषधं म्हणजे एक नशा सोडून दुसरी. याला धोका शून्य. घरात कोणी पिणारं असेल तर पुढे पाठवा." हा मजकूर आठवड्यात तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक खुद्द आमच्या मावशीकडून. निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण औषध खरं आहे, आणि गोची तिथेच आहे.

सुई नाल्ट्रेक्झोनची, तिकडचं बाजारातलं नाव विविट्रोल. ३८० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, कुल्ल्याच्या स्नायूत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे तिकडच्या एफडीएने, ती २००६ मध्ये दारूसाठी आणि २०१० मध्ये अफूच्या जातीच्या नशांसाठी मंजूर केली.

आता 'मुळापासून'. हेरॉइन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, तिथे हे औषध आधीच ठाण मांडतं. वरून नशा केली तरी चढत नाही. महिना सरला की जागा पुन्हा मोकळी. दारूचं गणित आणखी वेगळं: दारू चढतेच, तोलही जातो, फक्त पिण्यातली गोडी कमी होते. २००५ साली ६२४ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण डोस मिळालेल्यांचे बेसुमार पिण्याचे दिवस, औषध नसलेली खोटी सुई घेणाऱ्यांच्या मानाने, साधारण पाव हिश्शाने कमी झाले. आणि समुपदेशन सगळ्यांनाच होतं. पाव हिस्सा ही किरकोळ गोष्ट नाही, पण त्याला मुळापासून म्हणत नाहीत.

'धोका शून्य' हे मात्र जिवावर बेतणारं वाक्य आहे. सुईआधी किमान सात ते दहा दिवस अंगात अफूजन्य काहीही नसावं लागतं. असलं तर उलट्या, जुलाब, तडफड, थेट हॉस्पिटल. आपण म्हणू, आमचा माणूस फक्त दारू पितो. पण पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल? कोडीन असलेलं खोकल्याचं औषध? तीही त्याच घराण्यातली. नाल्ट्रेक्झोनची गोळी घेतली असती तर एक-दोन दिवसांत असर ओसरला असता, टोचलेली सुई परत काढता येत नाही. त्या मजकुराखाली कोणीतरी लिहिलं होतं, "ताकदीचं इंजेक्शन सांगून टोचून आणू." कृपा करून असलं काही करू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ही सुई ते थांबवत नाही.

दुसरा धोका नंतरचा. काही महिने नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग सुई चुकली आणि माणसाने जुन्याच मापाने गर्द घेतलं, तर श्वास थांबू शकतो. हा इशारा जाहिरातीत नव्हता, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये एफडीएने ही सुई बनवणाऱ्या अल्केर्मिस कंपनीला ताकीदपत्र धाडलं होतं. मावशीच्या मजकुरातूनही नेमकं तेच गळालंय.

राहिलं 'एक नशा सोडून दुसरी'. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अफूजन्य नशेच्या ५७० रुग्णांवरचा अभ्यास आला: एका गटाला ही सुई, दुसऱ्याला ज्याला लोक 'दुसरी नशा' म्हणतात ते औषध, रोज जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन. सुईच्या गटातल्या पावापेक्षा जास्त लोकांना ती सुरूच करता आली नाही. ज्यांना दोन्हीपैकी एक सुरू करता आलं, त्यांच्यात पुन्हा नशेकडे वळण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. आणि गंमत म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनचीही महिन्याची सुई आहे, २०१७ मध्ये मंजूर झालेली. ते औषध स्वतःच अफूच्या घराण्यातलं. म्हणजे 'महिन्याची सुई' या एका नावाखाली दोन अगदी उलट औषधं, आणि कुठली ते मजकुरात लिहिलेलंच नाही.

मावशीला फोन केला. "मग काकांना द्यायचं की नाही?" तिचा सरळ प्रश्न. म्हटलं, आधी काकांना विचार, मग दोघं डॉक्टरांकडे जा, आणि ते कुठल्या गोळ्या घेतात ते तिथे सांग.

"पाठीच्या तर रोज दोन चालू आहेत," ती म्हणाली. नाव पाकिटावर बघून सांगणार आहे.