खाऱ्या टाकीवरचा तवंग आणि ‘निम्मं पाणी बदला’ हा सल्ला

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकवर तेलकट तवंग धरला की एक ठरलेला सल्ला हमखास मिळतो: पाणी खराब झालंय, निम्मं बदला; एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाका; नाहीच गेला तर मोठा स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) घ्या; आणि राहिला तरी माशांना काही होत नाही. एवढ्या छोट्या सल्ल्यात बऱ्याच चुका आहेत. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण धोका तिथे आहे.

‘माशांना काही होत नाही’

२५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ क्षारतेच्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम ६.७. मुळात शिल्लक कमी. त्यात तवंग पृष्ठभागावरच्या बारीक लहरी दाबून टाकतो आणि हवा-पाण्यातली देवाणघेवाण मंदावते. दिवसा शेवाळ आणि कोरल ऑक्सिजन सोडत असतात, म्हणून काही जाणवत नाही. रात्री सगळेच ऑक्सिजन वापरतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. म्हणून तवंगाचा परिणाम तपासायचा तर पीएच सकाळी दिवे लागण्याआधी मोजा. संध्याकाळचा आकडा नेहमीच छान येतो.

‘पाणी खराब झालंय’

अमोनिया आणि नायट्राइट (पाणी खराब झाल्याच्या खुणा) शून्य असलेल्या टाकीवरही जाड तवंग असतो. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे ते पृष्ठभागावरच गोळा होतात आणि त्यांच्यावर जिवाणू वाढतात. तेव्हा वर काय पडतंय ते बघा. गोठवलेल्या खाद्याचा रस हा मोठा गुन्हेगार. वडी टाकीतल्याच कपभर पाण्यात वितळवा, बारीक जाळीतून गाळा, रस फेकून द्या. तेलकट गोळ्या किंवा खाद्यात मुरवायची तेलं आठवडाभर थांबवा; तवंग कमी झाला तर कारण सापडलं. हाताला लावलेलं क्रीम आणि स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा धूरही पाण्यावरच उतरतो. नायट्रेट उतरवायला व्होडका किंवा व्हिनेगर डोस करत असाल तर मात्रा निम्म्यावर आणा, कारण ती जिवाणूंना खाद्य म्हणूनच असते.

(कोरलला कॅल्शियम द्यायला चुन्याची निवळी ठेवलेल्या डब्यावर येणारी पांढरी साय वेगळी. ती कॅल्शियम कार्बोनेट आहे, तिला ढवळू नका.)

‘निम्मं पाणी बदला’

सायफनची नळी पाणी खालून ओढते. पातळी उतरते तसा तवंगही उतरतो, नवं पाणी भरलं की वर येतो. पाणी बदलायचंच असेल तर पहिले काही लिटर मगाने काढा: पंप बंद, मगाची कड पृष्ठभागाच्या किंचित खाली दाबा, वरचा थर आत ओघळू द्या.

‘एअर स्टोन टाका’

यात अर्धं सत्य आहे. बुडबुड्यांनी तवंग तिथल्या तिथे फुटतो, श्वासाची सोय होते. वीज गेल्यावर बॅटरीचा एअर पंप म्हणूनच हाताशी हवा. पण फुटलेला तवंग टाकीबाहेर जात नाही. उलट फुटणारे बुडबुडे दिव्यांवर आणि झाकणावर मिठाचे शिंतोडे उडवतात.

‘मोठा स्किमर घ्या’

स्किमर तवंग ओढत नाही. त्याच्यापर्यंत जे पाणी पोचतं त्यातलंच तो काढतो, आणि त्याचा पंप खोलातून पाणी घेत असेल तर वरचा थर त्याला कधी भेटतच नाही. शिवाय तेलकट पदार्थांनी स्किमरचा फेस मोडतो. खाद्यानंतर किंवा टाकीत हात घातल्यावर स्किमर काही तास गप्प होतो, तो बिघडलेला नसतो.

खरं काम ओव्हरफ्लोच्या कडेचं: हिच्यावरून टाकीतलं वरचं पाणी सांडून संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत जातं. तासाला १००० लिटर पाणी १० सेंटिमीटर लांब, सपाट कडेवरून गेलं तर कडेवरच्या पाण्याची उंची साधारण १३ मिलिमीटर येते; कड ३० सेंटिमीटर असेल तर सुमारे ६. प्रवाह तितकाच, पण जाणाऱ्या पाण्यात वरच्या थराचा वाटा जास्त. कडेवर जाळी असेल आणि तिचे दाते व फटी सारख्या रुंदीच्या असतील तर कडेची लांबी निम्मीच धरा, आणि फटीत शेवाळ किंवा गोगलगाय अडकली की त्याहून कमी. फटी वरून बंद असलेल्या जाळीत आणखी एक भानगड होते: पाणी फटींच्या वर चढलं की प्रवाह खालून निसटतो आणि तवंग जाळीला टेकून बसतो. फटी ब्रशने साफ करा. तरी पातळी उतरली नाही तर रिटर्न पंप (संपमधलं पाणी टाकीत परत आणणारा) थोडा कमी करा.

संप नसेल तर फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला बसणारा सरफेस स्किमर (वरचा थर ओढणारा; फेसवाला स्किमर वेगळा) लावा. त्याला पातळी स्थिर लागते. बाष्पीभवनाने पाणी सेंटिमीटरभर उतरलं तरी काही नमुने हवा ओढू लागतात, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) हवाच, आणि त्यात मीठ नसलेलं आरओचं पाणी.

मग प्रवाहाची दिशा. एक पॉवरहेड (टाकीत प्रवाह करणारा छोटा पंप) पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर ठेवून तोंड किंचित वर करा: पृष्ठभाग थरथरला पाहिजे, हवा ओढली जाता कामा नये. कोरड्या खाद्याचे चार कण वर टाकून बघा. ते ओव्हरफ्लोकडे सरकले तर ठीक. कोपऱ्यात गोल फिरत राहिले तर तवंगही तिथेच फिरतोय, पॉवरहेडचा कोन बदला.

हे जमेपर्यंत कागद वापरा. पंप ५ ते १० मिनिटं बंद ठेवा, विनाछापील, बिनवासाचा पांढरा किचन टॉवेल पाण्यावर सपाट टेकवा, एक-दोन सेकंदांत एका कडेने उचला, प्रत्येक वेळी नवा कागद घ्या. वरचं खाद्य आणि प्रवाह तसाच राहिला तर तवंग पुन्हा धरेल. ओव्हरफ्लो नीट चालू झाल्यावर संपमध्येही डोकावा: टाकी स्वच्छ आणि संपच्या शेवटच्या कप्प्यावर तवंग दिसला, तर स्किमर पहिल्या कप्प्यात, जिथे पाणी कोसळून घुसळतं तिथे हलवा.