टिनिया क्रुरिस

डॉक्टरीणबाई फार सभ्य. तपासून झाल्यावर हात धुता धुता एवढंच म्हणाल्या, "टिनिया क्रुरिस." काय भारदस्त! रोमच्या एखाद्या सेनापतीला शोभावं असं नाव. चिठ्ठी खिशात घालून मी जरा ताठच बाहेर पडलो.

हा ताठा कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत टिकला. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी वाचली आणि भर गर्दीत आत हाळी दिली, "अरे, काकांना गजकर्णाची ट्यूब दे!"

शेजारी इसबगोल घ्यायला आलेले आजोबा वळले. "गजकर्ण? कुठे?"

"चिठ्ठीत लिहिलंय," मी.

त्यांनी खरोखर चिठ्ठी उचलली. माझी. चष्मा कपाळावर चढवून वाचली. "क्रुरिस म्हणजे?"

"लॅटिन आहे. पायाचं, असा अर्थ."

"पायाला ना? मग दाखवा की!"

आता यांना काय सांगू! लॅटिनमध्ये क्रुस म्हणजे पाय, त्यातही गुडघ्याखालचा. जांघेला 'इंग्वेन' असा स्वच्छ शब्द असताना वैद्यकाने लाजून पायावर भागवलंय. मी विषय बदलायला म्हणालो, "आणि टिनिया म्हणजे कसर. कपडे कुरतडते ती."

"मग डांबराच्या गोळ्या ठेवा!"

रांगेतल्या एक बाई हसल्या. पोरगाही हसला.

आजोबा मात्र गंभीर होते. टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून लावायचं. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न उगाच नाही म्हणत. शिवाय जपा, नागीण होईल, तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस संपला. नागिणीचा इथे काय संबंध? पण गंमत अशी की नागिणीचं डॉक्टरी नाव हर्पिस, तो शब्दही ग्रीकांच्या 'सरपटणे'वरूनच आलाय. म्हणजे तिथेही कोणीतरी असलेच आजोबा असणार. गजकर्णाबाबत मात्र एकमत नाही. रोमनांना कसर दिसली, इंग्रजांना गोल अळी, आपल्याला थेट हत्तीचा कान. असते ती साधी बुरशी, आणि ती कोणालाच दिसली नाही. खाजवताना माणूस बारकाईने बघत नसावा.

चेष्टा पुरे. तीन महिन्यांपूर्वी याच काउंटरवर मी "खाजेवर काहीतरी द्या" म्हणालो होतो. चिठ्ठी न विचारता ट्यूब मिळाली : क्लोबेटासोल नावाचं स्टिरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, सगळं एकातच. चार दिवसांत खाज गायब, पंधरवड्यात दुप्पट जागेत हजर. स्टिरॉइडने लाली दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, हे डॉक्टरीणबाईंनी मला शाळकरी पोरासारखं समजावलं. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा नियम २०१८ पासून आहे. ती ट्यूब देताना मात्र या पोराला हाळी द्यावीशी वाटली नव्हती. आता सहा आठवडे गोळ्या, मलम, आणि घरच्या टॉवेलांमध्ये माझा वेगळा, लाल दोरा बांधलेला.

पोराने पाकिटावर ठसठशीत अक्षरांत 'जांघ – २ वेळा' लिहिलं. म्हणजे तोही प्रश्न मिटला.

आजोबांच्या इसबगोलाला दोन रुपये सुटे कमी पडत होते. इतकी जवळीक झालेली, मी आपणहून नाणं पुढे केलं.

आजोबांनी हात मागे घेतला. "तूच घे रे त्यांच्याकडून," ते पोराला म्हणाले.