झडतीच्या वेळी शेजाऱ्यांनी दार लावून घेऊ नये

वॉरंट नसेल तर पोलिसांना उंबरा ओलांडताच येत नाही, असे आपल्याकडे अनेकजण ठामपणे सांगतात. कायदा तसा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९६ प्रमाणे न्यायालय झडतीचे वॉरंट देते, हे खरे. परंतु तपासाला आवश्यक असलेली वस्तू अन्य मार्गाने वेळेत मिळणार नाही असे मानण्यास सबळ कारण असेल, तर कलम १८५ तपासी अधिकाऱ्याला वॉरंटाविना घराची झडती घेऊ देते. मात्र ती कारणे आणि शोधायची वस्तू यांची त्याने आधी केस डायरीत लेखी नोंद केली पाहिजे व तिची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवली पाहिजे. घरमालकाने अर्ज केल्यास ती त्यालाही विनामूल्य मिळते.

ही सारी कागदपत्रे नंतर हाती येतात. प्रत्यक्ष झडतीच्या घटकेला घरच्यांच्या बाजूला असतात ते फक्त पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार म्हणून बोलावलेले नागरिक, आणि माझी खंत तिथेच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कोणाला रक्त लागले तर तालमीतली मुले मध्यरात्री धावतात. पोलिसांची गाडी थांबली की मात्र त्याच गल्लीतली दारे बंद होतात. कोर्टाच्या तारखांची भीती हे त्याचे कारण सांगितले जाते. वास्तविक कलम १०३ स्पष्ट म्हणते की, न्यायालयाने खास समन्स काढल्याखेरीज झडतीच्या पंचाला साक्षीला जावे लागत नाही. पंच त्याच वस्तीतले, स्वतंत्र व प्रतिष्ठित असावेत, हीसुद्धा याच कलमाची अपेक्षा आहे. स्थानिक कोणी तयार नसेल तरच बाहेरचे आणता येतात. म्हणजे परक्या पंचांना वाट आपणच करून देतो.

झडतीचे चित्रीकरण आता कलम १०५ नुसार बंधनकारक आहे, ही मोठी सुधारणा आहे. तरीही कॅमेरा ज्या बाजूला वळवला जातो तेवढेच टिपतो. शिवाय झडती बेकायदा ठरली तरी केवळ त्या कारणाने पुरावा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आल्याने दाद मागायला मुंबई गाठावी लागत नाही, पण तिथे काय सांगता येईल हे त्या दिवशी घरात कोण उभे होते यावर ठरते.

म्हणून माझी विनंती आहे की पंच म्हणून बोलावले तर जावे, पंचनामा पूर्ण वाचूनच सही करावी, घरातल्या स्त्रीची अंगझडती स्त्रीच घेत आहे ना हे पाहावे आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांच्या हाती पडेपर्यंत तिथून हलू नये.